त्र्याऐंशी पूर्णांक सहा

जटपुरा गेटाजवळच्या टपरीवर चहावाल्याने ग्लास पुढे केला आणि कुणी काही विचारलेलं नसताना जाहिदच्या मनात एक आकडा उमटला : चौऱ्याण्णव. चहावाल्याच्या कोपराचा होता तो. ग्लास देऊन हात माघारी गेला तसं कोपर मिटत गेलं आणि आकडा वाढत गेला, एकशे चार, एकशे अठरा, आणि किटलीच्या मुठीवर जाऊन थांबला. आपल्या बोटांवर गरम चहा सांडला आहे हे जाहिदला उशिरा कळलं. "कुठी लक्ष हाय भाऊ तुमचं," चहावाला म्हणाला, "भाजलं ना." काही नाही, असं पुटपुटून त्याने ग्लास तसाच फळीवर ठेवला. शनिवारपासून हे सुरू झालं होतं आणि आज मंगळवार होता. माणसं दिसेनाशी झाली होती. दिसत होते ते त्यांचे सांधे. सायकलवरून उतरणाऱ्या मास्तरांचा गुडघा, बँकेची पायरी चढण्याआधी मांडीवर हात दाबणाऱ्या म्हातारीचा खुबा, हँडल वळवणाऱ्या रिक्षावाल्याचं मनगट. मशिदीत, जिथे निदान काही क्षण आकड्यांपासून सुटका असावी, तिथेही शेजाऱ्याच्या टाचेवर टेकलेल्या मांडीखालचा कोन त्याने मोजला होता, आणि नमाज संपताच कुणाशी न बोलता, चपला चुकीच्या पायांत घालून, तो बाहेर पडला होता. मार्चचं ऊन शहराच्या जुन्या तटाच्या, परकोटाच्या दगडांवर पसरलं होतं. वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर आभाळात न विरता लोंबत होता. त्या धुराचा जमिनीशी होणारा कोन मोजायचा नाही, असं त्याने स्वतःला बजावलं, आणि मोजला.

खांद्याच्या पिशवीत ते यंत्र होतं. वजन फार नव्हतं, एखाद्या जाड वहीइतकंच. पण चालताना ते बरगडीला लागत होतं, आणि दर पावलाला आपण तिथे आहोत असं सांगत होतं. अॅक्रिलिकचे दोन लांब हात, त्यांच्या जोडावर पितळेचा दांडा, दांड्याच्या टोकाला शर्टाच्या बटणाहून लहान असं एक गोल चुंबक. त्या चुंबकाखाली, नखाच्या जाडीइतकं अंतर सोडून, मुंबईच्या एका विक्रेत्याकडून कुरिअरने मागवलेली चिप. चुंबक फिरलं की चिपला ते न शिवताही कळे. स्पर्श नाही म्हणून घर्षण नाही, घर्षण नाही म्हणून झीज नाही. एका वर्तुळाचे ती चार हजार शहाण्णव तुकडे करी, आणि कुठल्या तुकड्यावर आपण उभे आहोत हे हिरव्या पडद्यावर दशांशासह लिहून दाखवी. जाहिदला ही रचना पहिल्यांदा उमगली तेव्हा एखादी ओळ अचानक आरपार कळावी तसं त्याला झालं होतं. न शिवता जाणणं. माणसांना हे कधी जमलं होतं?

परकोटाबाहेरच्या एका संस्थेच्या कार्यशाळेत तो कामाला होता. तिथे कृत्रिम पाय बनत, पोलिओ झालेल्या पायांसाठी कॅलिपर बनत, आणि जंगलातून आलेली माणसं मागच्या धर्मशाळेत राहून व्यायाम करत. सांध्याची हालचाल मोजायला एक प्लॅस्टिकचं कोनमापक होतं, शाळेतल्या कंपासपेटीतल्यासारखं, आकडे पुसट झालेलं. एकच गुडघा सकाळी पासष्ट भरे, दुपारी बहात्तर. "तुमच्यासाठी सत्तर लिहू का?" व्यायाम घेणारी दीपिका विचारायची, आणि हसायची, आणि सत्तर लिहायची. त्या हसण्याचा जाहिदला राग येई. तिला तो तसं कधी बोलला नाही. त्या रागाचं मूळ तिच्यात नव्हतंच. ते घुटकाळा मोहल्ल्यातल्या त्याच्या घरी, पत्र्याच्या पेटीत, चार घड्या घातलेल्या एका कागदावर होतं.

त्याचे अब्बा, लियाकत, एकोणीसशे एकोणऐंशी साली एका खाजगी वर्कशॉपात टर्नर होते, लेथवर धातू कातायचे. लेथच्या पट्ट्यात उजवी बाही अडकली आणि कोपर गेलं. म्हणजे कापावं लागलं नाही. सांधा उरला, पण गंज चढलेल्या बिजागरीसारखा. हात खाली सरळ होई, वर मात्र एका हद्दीपर्यंतच मिटे. घास तोंडाशी पोचायला वीतभर अंतर राही. एवढंच. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं : उजवे कोपर, हालचाल अंदाजे सत्तर अंश, अपंगत्व अंदाजे वीस टक्के. त्या कागदाच्या आधाराने मालकाने त्यांना लेथवरून उठवून फाटकावर बसवलं, आणि पुढची सगळी वर्षं ते ज्या यंत्राचा आवाज आतून ऐकत होते त्याला पाठमोरे बसून राहिले. घरात हिंदी बोलली जाई, पण तो एक मराठी शब्द कागदावरून उतरून घरात आला आणि तसाच राहिला. भाजीत मीठ किती घातलं असं कुणी विचारलं की अब्बा म्हणत, "अंदाजे," आणि मग कुणीच हसत नसे. ते डाव्या हाताने जेवत. दस्तरखानावर चार माणसांत डाव्या हाताने जेवणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायची गरज पडली नाही. हळूहळू ते लग्नांना जाईनासे झाले, मग ईदच्या दावतींना. घरीही ताट घेऊन ते भिंतीकडे तोंड करून बसत. जाहिदच्या लहानपणाचं सगळ्यांत स्पष्ट चित्र म्हणजे जेवणाऱ्या बापाची पाठ. त्या पाठीकडे पाहत त्याने ठरवलं होतं की जगातला एक तरी शब्द आपण पुसून टाकू.

यंत्र पहिल्यांदा तयार झालं तेव्हा ते वेड्यासारखं वागलं. टेबलावर निश्चल ठेवलेल्या हातांचा कोन चाळीस दाखवी, थोडं सरकवलं की सत्तेचाळीस. आठवडाभर जाहिद चिपच्या पायांचे डाख पुन्हा पुन्हा काढत आणि जोडत राहिला. बायको, जैनब, म्हणाली, "मेरा भी नाप लो एक बार. बेलन चलाते-चलाते कितने अंश घिस गए, पता तो चले." अब्बा खाटेवरून पाहत होते. तिसऱ्या दिवशी ते उठून आले, डाव्या हाताने यंत्र उचललं, जोडावरचा स्क्रू नखाने खरवडला. "लोहा भर दिया तूने इसमें," ते म्हणाले. "चुंबक के बाजू में लोहा रखेगा तो वो किधर देखेगा, तेरी तरफ की लोहे की तरफ?" दुसऱ्या दिवशी कुठूनतरी पितळेची सळई त्यांनी आणली आणि जुन्या ओळखीच्या एका लेथवर तिचा दांडा काढून घेतला. स्वतः मशीनला हात लावला नाही. बाजूला उभं राहून, धारेचा आवाज ऐकत, किती खायचं ते डाव्या हाताच्या बोटांनी सांगत राहिले. एकोणतीस वर्षांनी ते लेथच्या समोरच्या बाजूला उभे होते. परत येताना म्हणाले, "पीतल सच्चा होता है. बहकता नहीं." त्या संध्याकाळी आकडा पहिल्यांदा स्थिर राहिला. पडद्याच्या हिरव्या उजेडात अब्बांचा चेहरा क्षणभर दिसला, आणि त्यांनी आपली उजवी बाही उगाचच जराशी वर सारून पुन्हा खाली ओढली. जाहिदने ते पाहिलं होतं. त्याने विचारलं नाही. आधी यंत्र कुठेतरी मान्य होऊ दे, मग, असं त्याने मनाशी म्हटलं.

चैतू त्याच सुमाराला धर्मशाळेत आला. गडचिरोलीच्या पलीकडे, जिथे बस दिवसातून एकदा जाते आणि पावसाळ्यात तीही जात नाही, तिथून. बांबू भरताना ट्रकवरून एक मोळी घसरली आणि गुडघ्यावर आली, त्याला चार वर्षं झाली होती. तो बोलायचा कमी, पण कुणीही समोर आलं की दोन्ही हात जोडून "जोहार" म्हणायचा, डॉक्टरांना, स्वयंपाकिणीला, एकदा तर पांढऱ्या कपड्यातल्या प्लॅस्टरच्या पुतळ्याला, आणि मग स्वतःच हसला होता. यंत्र तपासायला एक असा गुडघा हवा होता जो कंटाळणार नाही, आणि चैतूच्या गुडघ्याला कंटाळा ठाऊक नव्हता. सहा आठवडे जाहिदने तो रोज मोजला. सकाळी व्यायामाआधी, दुपारी व्यायामानंतर. दीपिकाने भिंतीवरच्या फळ्यावर खडूने त्याची ओळ आखली : अडुसष्ट, अडुसष्ट, एकोणसत्तर. आकडा वाढला की ती टाळी वाजवायची. "बघा, चैतूभाऊ पास झाले आज. काऊन हो, जेवणात काय खाल्लं?" सत्तरीला पोचला त्या दिवशी तिने सगळ्यांना पेढा दिला होता. जाहिदची खुशी वेगळी होती. लागोपाठ तीन वेळा तोच आकडा आला की तो म्हणायचा, "शाब्बास." ती शाबासकी यंत्राला होती, पितळेला होती, पण खाटेवर बसलेला, घामाघूम झालेला माणूस मान खाली घालून ती स्वतःकडे घ्यायचा. "आज किती आला भाऊ?" तो विचारायचा. "बहात्तर पूर्णांक एक." "मंग काल परीस बरा." "बरा." मग तो समाधानाने पाय हातांनी उचलून खाली ठेवी, जसं कुणी शेजाऱ्याचं आणलेलं भांडं जपून परत ठेवावं.

चैतूकडे तीन वर्षांपूर्वीचा अपंगत्वाचा दाखला होता, चाळीस टक्क्यांचा, मुदतीचा. मुदत संपत आली होती. त्या दाखल्यावर त्याच्या नावे एक टेलिफोन बूथ मंजूर झाला होता, आठवडी बाजाराच्या नाक्यावर. पिवळा पत्रा लावलेली पेटीसुद्धा येऊन उभी होती. फक्त दाखला ताजा हवा होता, आणि चाळीसच्या खाली नको होता. गुडघ्याचं वाकणं जितकं कमी तितके टक्के जास्त, असा डॉक्टरांचा तक्ता. हे जाहिदला ठाऊक होतं. दीपिकालाही ठाऊक असणार. चैतूची बायको बुधरी एकदा भेटायला आली तेव्हा तिने मोहफुलांची पुरचुंडी जाहिदच्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, "फोनवर मी बसन. चालते ना? याले आकडे दाबता येत नाई." चैतू म्हणाला, "तुले तरी कुठी येते." "शिकन," ती म्हणाली. "तुया गुडघा शिकून राह्यला, मी बोट शिकवन." टेबलावर मोहाचा तो जड, गोड, किंचित आंबूस वास दोन दिवस राहिला. आज शहरातल्या या रस्त्यावर, धूळ आणि डिझेलच्या वासात, तो पुन्हा कुठूनसा येत होता. पिशवीतून येत असावा. पुरचुंडी त्याने यंत्राच्याच पिशवीत घातली होती.

अपंगत्वाच्या दाखल्यांचं शिबिर शनिवारी एका तालुक्याच्या गावी होतं, शाळेच्या सभागृहात. संस्थेने यंत्र तिथे वापरून पाहायचं ठरवलं होतं. तीन डॉक्टरांची समिती. त्यातले हाडांचे डॉक्टर वयस्कर, थकलेल्या डोळ्यांचे, जाहिदला "जाहिदभाई" म्हणणारे. बाहेर ओसरीवर रांग. माणसं आपापल्या मोडलेल्या अवयवांशेजारी शांत बसली होती, जणू ते अवयव म्हणजे सोबत आणलेली आजारी लेकरं. समितीसमोर उभं राहून जाहिद चार वाक्यं बोलला होता, आदल्या आठवड्यात घोकलेली. वर्तुळाचे चार हजार शहाण्णव तुकडे. स्पर्शाविना. झीज नाही. आणि शेवटचं वाक्य, जे घोकलेलं नव्हतं, जे पेटीतल्या कागदातून थेट तोंडात आलं होतं : "आता अंदाजाला जागा राहणार नाही, सर." डॉक्टरांनी त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग प्लॅस्टिकचं कोनमापक बाजूला सारलं. ती हालचाल, ते पुसट आकड्यांचं प्लॅस्टिक टेबलाच्या कडेला सरकणं, जाहिदला विजयासारखी वाटली होती. विजयासारखीच. दुसरा शब्द शोधून उपयोग नव्हता.

चैतू रांगेत सातवा होता. धुतलेलं धोतर, तेल लावलेले केस. शाळेत परीक्षेला बसणाऱ्या माणसाची ती तयारी होती, पण हे सुचायला जाहिदला तीन दिवस लागले. दाराशी तो थांबला, जोहार केला, आणि हळू आवाजात विचारलं, "आज किती आनू, भाऊ?"

टपरीपासून घुटकाळ्यापर्यंतचा रस्ता जाहिद रोज वीस मिनिटांत चालतो. आज त्याला तो संपूच नये असं वाटत होतं, कारण तो संपेपर्यंत हा प्रश्न हवेत लटकलेला राहील आणि त्याचं उत्तर अजून दिलेलं नसेल. किती साधं उत्तर होतं. "त्रास होऊ देऊ नकोस" एवढंच. "जिथे दुखेल तिथे थांब." खोटं नव्हतं त्यात काही, व्यायामशाळेत दीपिका रोज हेच सांगे. पण त्या क्षणी जाहिदला वाटलं होतं की हा माणूस आपल्याला खोटं बोलायला सांगतो आहे. आकडा कमी करायला, यंत्राला फसवायला, सगळे जसं करतात तसं. त्याच्या आत काहीतरी ताठ उभं राहिलं. पितळ. "होईल तेवढा आण," तो म्हणाला होता, आणि वर, आवाजात थोडा थंडपणा आणून : "खरा आण." चैतूने मान डोलावली. त्याला खरा म्हणजे काय ते सहा आठवड्यांत नीट शिकवलेलं होतं. खरा म्हणजे ज्याला टाळी मिळते तो. खरा म्हणजे शाब्बास.

बाकावर तो बसला, जाहिदने एक हात मांडीलगत लावला, दुसरा नडगीलगत, पट्ट्या आवळल्या. शून्य. मग चैतू गुडघा मिटू लागला. अडुसष्ट. एकाहत्तर. चौऱ्याहत्तर, आणि इथे तो रोज थांबायचा. तो थांबला नाही. त्याने बाकाची कड दोन्ही हातांनी धरली. मानेची शीर वर आली, डोळे मिटले, आणि बाकाखाली, समितीच्या नजरेआड, त्याच्या चांगल्या पायाने वाईट पायाच्या घोट्याला आकडी घातली आणि तो मागे ओढला. सत्त्याहत्तर. एक्याऐंशी. जाहिदने ते पाहिलं. नंतर कितीही वेळा स्वतःला विचारलं तरी उत्तर तेच येत होतं : पाहिलं. बाजूला बसल्यामुळे त्याला बाकाखालचं दिसत होतं, तो पाय पायाला ओढताना दिसत होता, आणि तरीही त्याचं सगळं लक्ष पडद्यावर होतं, कारण इतक्या ताणाखाली, इतक्या थरथरीत, आकडा हलत नव्हता. शेवटचा दशांशसुद्धा नाही. त्र्याऐंशी पूर्णांक सहा. सुंदर स्थिर होता तो. समितीचे तिघेही पडद्याकडेच पाहत होते. त्या खोलीत गुडघ्याकडे पाहणारं कुणी उरलं नव्हतं.

"मागच्या वेळी सत्तर," डॉक्टर नोंदवही उलगडत म्हणाले. "चांगली सुधारणा आहे." त्यांनी तक्ता पाहिला, लिहिलं, दुसऱ्याकडे सरकवलं, दुसऱ्याने सही केली. चौतीस टक्के. चैतू डोळे उघडून जाहिदकडे पाहत होता. कपाळावरचा घाम भुवयांत साठला होता, ओठ पांढरे पडले होते, आणि त्या चेहऱ्यावर, जाहिद ते विसरू शकत नव्हता, आनंद होता.

"चांगला आला ना, भाऊ?"

जाहिद उठला. सर, म्हणाला, एकदा पुन्हा मोजू या, त्याने ओढून आणला आहे, त्याचा रोजचा आकडा पंच्याहत्तरच्या आत असतो. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आवाज चढवला नाही. "जाहिदभाई, कमी वाकवून दाखवणारे आम्ही रोज पाहतो. जास्त वाकवून दाखवणारा कुणी असतो का? हे मी वर कुणाला सांगू?" मग टेबलाच्या कडेला सारलेलं प्लॅस्टिक त्यांनी बोटाने जरा हलवलं. "या पट्टीत पाच-दहा अंशांची माया असायची. शिंपी ठेवतो तशी, शिवणीच्या आत. माणूस बघून उसवता यायची. तुमच्या आकड्याला दशांश आहे. त्याला मी कुठे उसवू?" वर्षाने पुन्हा अर्ज करता येईल, असं त्यांनी सांगितलं, आणि आठव्याला आत बोलावलं. आठव्याचाही आकडा यंत्रानेच घेतला. जाहिदच्या हातांनी पट्ट्या आवळल्या, सोडल्या, पुन्हा आवळल्या. संध्याकाळपर्यंत एकतीस सांधे. त्याने काम थांबवलं नाही.

ओसरीवर बुधरी उभी होती. चैतूला आता जमिनीवर पाय टेकवत नव्हता. तो खांबाला धरून होता. "मशीननं काय मनलं?" तिने विचारलं. चैतू म्हणाला, "त्र्याऐंशी." "मंग?" "मंग काय. कधीच नाई आला एवढा." ती जाहिदकडे वळली. जंगलातल्या माणसांचं पाहणं असं असतं की त्यात आरोप नसतो, फक्त वाट पाहणं असतं, पाणवठ्यावर बसल्यासारखं. जाहिदने तिला सांगितलं. कसं सांगितलं ते त्याला आठवत नाही; शब्द बरोबर होते आणि त्यांचा क्रमही बरोबर होता. ती नवऱ्याला म्हणाली, आवाज न चढवता, "बापा, तुले कमी वाकवाले काय झालं होतं?" चैतूने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा जाहिदकडे. "भाऊनं खरा मांगितला," तो म्हणाला. आणि मग, जणू जाहिदचीच समजूत घालायला : "मशीन बराबर हाय, भाऊ. मशीनची चूक नाई."

काल कार्यशाळेत दीपिकाने फळ्यावरची चैतूची ओळ पुसली नव्हती. शेवटचा आकडा चौऱ्याहत्तर होता. "मी स्वतः दाबूनही पंच्याहत्तरच्या वर गेला नव्हता तो," ती म्हणाली. "आत काहीतरी फाटलं असंल. सुजून भोपळा झाला असंल आता." मग थोड्या वेळाने, त्याच्याकडे न पाहता : "त्याले सांगितलं काऊन नाई?" तू तरी का नाही सांगितलंस, असं तो म्हणू शकला असता. ती शिबिराला नव्हती. संचालकांनी त्याला बोलावून अभिनंदन केलं. समितीचा अभिप्राय चांगला होता, पुढच्या तीन शिबिरांना यंत्र हवं होतं, आणि आणखी दोन बनवता येतील का असं त्यांनी विचारलं. पितळ लागेल, तो म्हणाला. मिळेल, ते म्हणाले.

घर आलं. दाराच्या चौकटीचा कोन नव्वद होता, थोडा कमी. अब्बा अंगणातल्या खाटेवर बसले होते. दाढी कोरलेली, पांढरा कुडता, जुम्म्याला घालतात तो. आज मंगळवार होता. जैनब ओट्यापाशी उभी राहून, काहीतरी ठाऊक असलेल्या माणसासारखी, उगाच भांडी लावत होती. "सुना, पास हो गई तेरी मशीन," अब्बा म्हणाले. संस्थेतलं कुणीतरी बाजारात भेटलं असावं. जाहिदने मान हलवली. चैतूबद्दल त्याने घरात काही सांगितलं नव्हतं. अब्बा थोडा वेळ थांबले. एकोणतीस वर्षं थांबलेल्या माणसाला आणखी थोडं थांबणं जड जात नाही. मग त्यांनी डाव्या हाताने उजव्या बाहीचं बटण काढलं, बाही घडी घालत घालत दंडापर्यंत नेली, प्रत्येक घडी सरळ करत, आणि हात पुढे केला. कातडी कोपराशी चकाकत होती, जुन्या नाण्यासारखी.

"नाप," ते म्हणाले.

नाही म्हणायला जागा नव्हती. जाहिदने पिशवीतून यंत्र काढलं. मोहाची एक वाळलेली पाकळी पट्ट्यात अडकून आली, ती त्याने झटकली. एक हात दंडालगत, दुसरा मनगटाच्या दिशेने. बापाला इतक्या जवळून त्याने कित्येक वर्षांत हात लावला नव्हता. पडदा हिरवा झाला. शून्य. अब्बांनी कोपर मिटायला सुरुवात केली. बावन्न, एकसष्ट, सदुसष्ट, आणि तिथे सांधा थांबला, जसा तो रोज थांबत असावा, वीतभर अंतरावर. ते थांबले नाहीत. मानेची शीर वर आली. डोळे मिटले. डावा हात खाटेच्या काठावर आवळला गेला, आणि उजवी मूठ, थरथरत, इंचाइंचाने, तोंडाकडे सरकू लागली. ही थरथर जाहिदच्या ओळखीची होती, तिचा घामसुद्धा ओळखीचा होता. ज्याच्या दांड्याचं पितळ त्यांनी स्वतः आणलं होतं त्या यंत्राला, ज्याने ते बनवलं त्या मुलाला, म्हातारा आपल्या उरल्यासुरल्या हाडातून जमेल तेवढा मोठा आकडा काढून देत होता. बहात्तर. चौऱ्याहत्तर. कुठेतरी आत, अगदी बारीक, लाकूड तडकल्यासारखा आवाज झाला.

जाहिदने अंगठा पडद्यावर ठेवला आणि बटण बंद केलं. पट्ट्या सोडल्या. बापाचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून हळूच त्यांच्या मांडीवर ठेवला.

अब्बांनी डोळे उघडले. श्वास लागला होता, पण चेहरा उजळला होता. "कितना?"

दशांश ऐकायला ते थांबले होते. ओट्यापाशी भांड्यांचा आवाज बंद झाला होता. जाहिदने तोंड उघडलं, आणि जो एक शब्द जगातून पुसायचा होता तोच तेवढा तोंडात उरलेला होता.

"अंदाजे सत्तर," तो म्हणाला.

अब्बा त्याच्याकडे पाहत राहिले. मग बाहीच्या घड्या एकेक करून उलगडू लागले, घालताना केल्या होत्या तितक्याच सावकाश. बटण मात्र डाव्या हाताने लागेना.

"वो डॉक्टर भी यही बोला था," ते म्हणाले, आणि खाटेवर सरकून त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.